डबा परत मिळणार नाही

सुरुवातीलाच सांगून ठेवतो: तो डबा मी कंपनीला परत दिलेला नाही, देणार नाही, आणि ह्या विषयावर मला आता कुणाचाही सल्ला नको आहे. सल्ले मिळून झालेत. लिफ्टमध्ये मिळाले, जिन्यात मिळाले, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळाले, आणि एक तर मासळीबाजारात मिळाला, जिथे मी केवळ कोथिंबीर आणायला गेलो होतो.

डबा म्हणजे टीव्हीखाली असतो तो. केबलचा सेट-टॉप बॉक्स. आमचा जरा बऱ्यापैकी होता. त्याच्या पोटात हार्ड डिस्क होती आणि कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवायची सोय होती. आमची सौ. मंजुषा त्यात मराठी मालिका साठवायची, आमची कन्या नूपुर फुटबॉलच्या मॅचेस साठवायची, आणि माझं म्हणाल तर त्यात माझं एकच रेकॉर्डिंग होतं. गेल्या गणपतीतलं आमच्या कलकत्त्याच्या मराठी मंडळाचं नाटक. त्यात मंजुषाने आईचं काम केलं होतं.

तर यंदा कालबैसाखीच्या, म्हणजे इथल्या वळवाच्या, एका वादळात समोरच्या इमारतीवर वीज कोसळली. आमचा टीव्ही वाचला, फ्रिज वाचला, डबा मात्र मुका झाला. दिवा लागायचा, आत काहीतरी घरघरायचं, पण टीव्हीवर चित्र म्हणून येईना. टीव्हीची वायर खुपसायची जागाच जळली होती.

आता एका डब्याचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. सगळेच म्हणाले. म्हणून मला उदय सबनीसबद्दल सांगणं भाग आहे.

उदय सबनीस न्यू टाउनमधल्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि मंडळात त्याहून मोठ्या. दर वर्षीचं नाटक तोच लिहितो, तोच बसवतो, आणि प्रयोगाला विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंगही तोच करतो, कारण आपली वाक्यं नुसत्या नटांच्या भरवशावर सोडणं त्याला पटत नाही. त्याचं प्रॉम्प्टिंग नटांच्या आधी शेवटच्या रांगेला ऐकू जातं. गेल्या वर्षीच्या नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी मुलगी घर सोडून निघते आणि आई तिला अर्ध्या पानाचं भाषण ऐकवते. काळजाचे तुकडे, रक्ताचं पाणी, उंबरठा, तुळस, सगळं सामान त्यात आहे. प्रयोगात मंजुषाने ते भाषण केलंच नाही. ती गप्प उभी राहिली. बराच वेळ. मग दोन शब्द बोलली आणि पडदा पडला. पडदा मीच पाडला, मंडळात ते खातं माझ्याकडे आहे. पण दोरीपाशी उभा असल्यामुळे मला दिसली फक्त तिची पाठ आणि अंबाडा. चेहरा दिसला नाही, शब्दही टाळ्यांत बुडाले.

मेकअप उतरायच्या आत उदयने चार माणसांत जाहीर केलं, "वहिनी ब्लँक झाल्या. माझा अंक पडला." तेव्हापासून मंजुषाने ते रेकॉर्डिंग घरात लावू दिलं नाही. आणि यंदा लोकाग्रहास्तव तेच नाटक पुन्हा करायचं ठरलं. लोक म्हणजे उदय. आईचं काम मंडळातल्या भाग्यश्रीला, मंजुषाकडे कपडेपट.

कपडेपट! कॉलेजात अभिनयाची बक्षिसं मिळवलेली बाई. माझ्या बँकेच्या बदल्यांमागे नागपूर, भोपाळ, लखनौ करत बिऱ्हाडं हलवली, मूल वाढवलं, स्टेजचं नाव काढलं नाही. इतक्या वर्षांनी कलकत्त्यात येऊन पहिल्यांदा चढली, तर तिच्या हातात सेफ्टी पिना देता? पुढच्या वर्षी आमची पुन्हा बदली. म्हणजे करायचं तर यंदाच. मंजुषा एवढंच म्हणाली, "असू दे हो. मला नाहीतरी आता नाहीच करायचं नाटक." हे ती चवळीच्या शेंगा मोडताना वर न बघता म्हणाली, आणि मला ते अजिबात सहन झालं नाही.

मी वर्षभर मंडळात छातीठोकपणे सांगत आलो होतो की ती विसरली नव्हती, तो पॉज होता, त्याला अभिनय म्हणतात. आता रविवारी पात्रांवर शिक्कामोर्तब करायची मीटिंग होती आणि माझा पुरावा मुक्या डब्यात अडकला होता. दुसरीकडे कुठे तो नव्हता. लोकांनी मोबाइलवर घेतले होते ते आपापल्या मुलांचे नाच, नाटक सुरू झाल्यावर हे मोबाइलवाले बटाटेवड्यांच्या रांगेत होते. केबलवाल्याने आपल्या चॅनलवर प्रयोग थेट दाखवला होता खरा, पण तो जुनं काही ठेवत नाही.

कंपनीचं कार्यालय सियालदह स्टेशनच्या मागे, घाऊक भाजीबाजाराच्या वरच्या मजल्यावर आहे. कोबीच्या पोत्यांवरून उड्या मारत मी तिथे पोचलो.

"नवा बॉक्स मिळेल," काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले. "जुना जमा करा."

"आणि त्यातली रेकॉर्डिंगं?"

"नव्यात नवीन करून घ्या."

मी म्हणालो, गेल्या गणपतीतलं नाटक नव्याने कसं करून घेऊ? त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि कॉम्प्युटरवर माझा नंबर टाकला. मग त्यांचा चेहरा बदलला. डबा माझ्या नावावर नव्हताच. आमचा फ्लॅट बँकेचा. माझ्याआधी तिथे निखिल म्हणून एक अधिकारी राहायचे, ते बदलून गुवाहाटीला गेले, आणि डबा त्यांच्याच नावावर राहिला. निखिलनी स्वतः येऊन सही केल्याशिवाय दुरुस्ती नाही, बदली नाही, तक्रारसुद्धा नाही.

"ते गुवाहाटीला आहेत हो!"

"मग यायला सांगा."

आता मी स्वतः बँकेत ऑडिटचा माणूस. ज्याच्या नावावर खातं त्याचीच सही लागते, हे आयुष्यभर मी दुसऱ्यांना सांगत आलो. त्यामुळे मला ते पटायला हवं होतं. नाही पटलं. नियम योग्य असणं आणि तो आपल्याला लावला जाणं ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, असं माझं प्रामाणिक मत झालं. जाता जाता ते गृहस्थ म्हणाले, "बिघडलेला बॉक्स घरात ठेवता येत नाही. आमची माणसं येऊन घेऊन जातील." मी जिन्यातूनच ओरडलो, "येऊ दे! बघतो कसे नेतात!" खाली एका कोबीवाल्याने मान डोलावून पाठिंबा दिला.

मग सल्ल्यांचा आठवडा. तळमजल्यावरचे दत्तबाबू म्हणाले, उजव्या बाजूला एक सणसणीत चापट मारा, त्यांच्या रेडिओला ती लागू पडली होती. सेनकाकी म्हणाल्या, कलकत्त्याची हवा दमट, यंत्रांत ओल शिरते, तांदळात पुरून ठेवा. ह्याला काही शास्त्रीय आधार नव्हता हे मला मान्य आहे, पण माणूस हताश झाला की तांदळापर्यंत येतो. नूपुर म्हणाली, "बाबा, तो पाण्यात कुठे पडला? त्याच्यावर वीज पडला ना!" तिचं मराठी इकडे आल्यापासून असं झालंय, पण मुद्दा बरोबर होता. मी ऐकलं नाही. दोन दिवसांनी डबा बाहेर काढला तेव्हा फटींतून पावशेर आंबेमोहोर आत गेला होता आणि डबा हलवला की खुळखुळ वाजत होता. तो आंबेमोहोर मंजुषाच्या बहिणीने पुण्याहून पाठवलेला होता. ह्या विषयावर आमच्या घरात जे बोलणं झालं ते इथे देत नाही.

राहता राहिले तुषारकांती भौमिक. हे आमच्या वर तिसऱ्या मजल्यावर राहतात, सरकारी संगणक केंद्रातून निवृत्त झालेले. विकतचं सॉफ्टवेअर ते तत्त्व म्हणून वापरत नाहीत. कुलूपबंद सॉफ्टवेअर ही जनतेची लूट आहे, ह्यावर ते समोरचा माणूस थकेपर्यंत बोलू शकतात, म्हणून त्यांच्या दारावरून जाताना सगळी इमारत चपला हातात घेते. मी आपणहून त्यांची बेल दाबली.

"आरे मोशाय, किंजोबाबू!" त्यांनी दार उघडलं. माझं आडनाव किंजवडेकर. इथे ते कुणालाच शेवटपर्यंत झेपत नाही, मी हरकत घेणं सोडून दिलंय.

मी सगळी हकीकत सांगितली. कुलूप, कंपनी, उदय, कपडेपट. ऐकता ऐकता ते लालबुंद झाले. "नाटक बौदी का, घर आपका, बिजली का बिल आपका, और ताला उनका? ये हम नहीं मानेगा!" बौदी म्हणजे वहिनी, आमची मंजुषा. मला एकदम भरून आलं. आठवडाभर लोक मला शहाणपणा शिकवत होते, माझ्या बाजूने चिडलेला हा पहिलाच माणूस.

शनिवारी सकाळी भौमिकबाबू आमच्याकडे आले. डब्यातला आंबेमोहोर त्यांनी चिमट्याने वेचून काढला आणि बशीत ठेवून मंजुषाला परत दिला. मग डबा उलटापालटा करून म्हणाले, टीव्हीचं भोक मेलंय, पण नेटवर्कचं जिवंत आहे. मी चांदणी मार्केटात धावत जाऊन वायर आणली. ती आखूड निघाली, दुसरी आणली. ती लांब निघाली, पण माझा स्वाभिमान आड आल्यामुळे मी तिसऱ्यांदा गेलो नाही. लॅपटॉप नूपुरचा घेतला, कारण माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचं काही चढवलं तर मला माझ्यावरच ताशेरे ओढावे लागले असते.

भौमिकबाबूंनी बराच वेळ काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टंकली. मग लॅपटॉपवर एक फोल्डर उमटलं. उघडलं तर आत रांगेने आमच्या डब्यातली सगळी रेकॉर्डिंगं! मंजुषाची मालिका, नूपुरची मोहन बागान-ईस्ट बंगालची डर्बी, कधीतरी चुकून लागलेली भविष्यं आणि जाहिराती, आणि इलिश माशाच्या पाककृतींचा एक कार्यक्रम. तो निखिलनी कधीकाळी रोज रेकॉर्ड व्हायला लावून ठेवला होता आणि बंद कसा करायचा हे आम्हां शाकाहारी माणसांना कधी उमगलं नव्हतं.

"ह्या सगळ्या फाइल्स लॅपटॉपमध्ये आल्या?" मी थक्क होऊन विचारलं.

"ना ना," भौमिकबाबू म्हणाले. "ये फाइल नहीं है. फाइल जैसा दिखता है. ये फोल्डर भी असल में नहीं है. आप इसको खोलेगा, तो मेरा प्रोग्राम डब्बे से पूछेगा, डब्बा देगा, आप समझेगा फाइल है. व्हर्च्युअल फाइल सिस्टीम!"

"म्हणजे दिसतंय, पण नाही."

"बिलकुल!"

हे मला फार पटकन समजलं. दिसतंय पण नाही, असा माल मी गोदामांच्या तपासणीत कितीतरी वेळा पाहिलेला आहे. किंबहुना जरा जास्तच पटकन समजलं, हे पुढे कळेल.

अडचण एवढीच होती की आमचं नाटक कुठे दिसेना. नूपुरच्या लक्षात आलं. गेल्या वर्षी रेकॉर्डिंग तिनेच लावलं होतं, चॅनल आणि वेळ बघून. नाव डब्याने आपलं आपण दिलं असणार, आणि केबलवाल्याचं वेळापत्रक कधीच खऱ्या कार्यक्रमाशी जुळत नाही. म्हणजे नाटक ह्यातल्याच कुठल्या तरी भलत्या नावाखाली लपलेलं. एकेक उघडून बघायचं. पण उघडताना फार अडखळत होतं, म्हणून भौमिकबाबूंनी सगळं लॅपटॉपवर उतरवायला घेतलं, तर लॅपटॉप म्हणाला जागा नाही.

एवढ्यात दुपार झाली. दुपारी जेवून झोपणं ही ह्या शहरात खाजगी बाब नाही, तो नागरिकांचा हक्क आहे. भौमिकबाबू उठले. मी म्हणालो, तुमची फी तरी सांगा. "छी छी! फीस?" मग जरा लाजून म्हणाले, "वो इलिश वाला सब हमको दे दीजिएगा." डॉक्टरांनी तेल बंद केल्यापासून ते इलिश नुसता बघतात. मी म्हणालो, इलिशला कुणी हात लावणार नाही, माझा शब्द.

ते गेले. मंजुषा पडली होती, नूपुर क्लासला गेली होती. फोल्डर आणि मी, दोघंच. माझा स्वभाव असा की एखाद्याने जागा नाही म्हटलं की मी आधी अडगळ शोधतो. अडगळ समोरच होती, भली थोरली यादी. त्यातलं खरं काहीच नाही, असं तज्ज्ञाने स्वतः सांगितलेलं. जे नाहीच ते पुसायला हरकत कसली? आमचं नाटक मराठी मालिकेच्या नावाखाली नसणार, कारण मालिका दुसऱ्या चॅनलवरची. डर्बीही दुसऱ्या चॅनलवरची. मी मालिकेचे भाग पुसले. जागा वाढली नाही. आणखी पुसले. जागा तेवढीच. मला रागच आला. डर्बी पुसली. मग भविष्यवाणी, आरोग्यसल्ला, दागिन्यांच्या जाहिराती, दिसेल ते पुसत सुटलो. लॅपटॉपची जागा तसूभर हलली नाही. शेवटी इलिश तेवढा उरला, तेव्हा शब्द दिलेला असल्यामुळे थांबलो.

भौमिकबाबू डोळे चोळत परत आले आणि पडद्याकडे बघून जागच्या जागी उभे राहिले.

"बाकी सब किधर गया?"

"पुसलं," मी म्हणालो. "जे नव्हतं तेच पुसलं."

"की शोर्बोनाश! मोशाय, इधर नहीं था! डब्बे में था! आप इधर से मिटाया, तो प्रोग्राम डब्बे को बोला, मिटा दो. डब्बा मिटा दिया!"

नाटक ज्योतिषाच्या नावाखाली असेल तर? दागिन्यांच्या असेल तर? वर्षभर ज्याच्या जोरावर मी भांडलो ते मी स्वतःच्या हाताने, नीटनेटकेपणाने, वर्गवारी करून पुसलं असेल तर? मंजुषा उठून बाहेर आली. मी तिला मालिकेचं सांगितलं, नाटकाचं सांगायचा धीर झाला नाही. ती म्हणाली, "बरं झालं. ती सून केव्हाची माहेरी जाऊन बसलीय, परत यायचं नाव नाही." नूपुर क्लासहून आली. ती इतक्या सहजपणे घेणार नव्हती. "बाबा! माझी डर्बी!" एवढंच म्हणून ती खाली बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीला हरवलेल्या मॅचबद्दल सॉरी म्हणण्याची वेळ माझ्यावर यावी, ह्यात माझं उरलंसुरलं नाक गेलं.

आम्ही इलिश उघडायला लागलो. मोहरीतला इलिश. वाफेवरचा इलिश. केळीच्या पानातला इलिश. दह्यातला इलिश. भौमिकबाबू संकटाचं भान ठेवून गंभीर चेहऱ्याने बघत होते, पण मधूनमधून त्यांचा आवंढा गिळल्याचा आवाज येत होता. आणि मग एका फाइलमध्ये इलिशचं शीर्षकसंगीत संपलं आणि पडद्यावर आमच्या मंडळाचा गणपती आला! समोर समई, मागे उदयने रंगवलेलं दार. मी उडीच मारली. वेळापत्रकात त्या संध्याकाळी इलिश होता म्हणून डब्याने नाटकाचं नाव इलिश ठेवलं होतं. भौमिकबाबूंना दिलेल्या शब्दाने माझ्या बायकोची अब्रू वाचली होती.

नूपुरने दुसरा अंक गाठला. तेवढ्यात बेल वाजली. कंपनीची दोन माणसं डबा न्यायला आली होती.

"साहेब, बॉक्स."

फाइल अजून डब्यातच होती, पेन ड्राइव्हवर उतरायची होती. मी दारात आडवा उभा राहिलो आणि म्हणालो, "बॉक्स कुणाच्या नावावर आहे?"

एकाने कागद बघितला. "निखिल..."

"मग त्यांना घेऊन या. ते आल्याशिवाय मी कुणाच्याही हातात देऊ शकत नाही. नियम आहे. तुमच्याच ऑफिसने सांगितलाय."

"ते तर गुवाहाटीला आहेत ना!"

"मग यायला सांगा," मी म्हणालो. आयुष्यात एखादं वाक्य बोलताना इतकं समाधान मला क्वचितच मिळालं असेल. माझ्या मागून लुंगीतले भौमिकबाबू मूठ उंचावून मोर्चातल्यासारखे गरजले, "चोलबे ना! चोलबे ना!" वरच्या दोन मजल्यांवरची दारं उघडली. सेनकाकींनी जिन्यातून खाली वाकून कशाबद्दल हे न विचारताच साथ दिली. माणसं निघून गेली. नंतर निखिलचा गुवाहाटीहून फोन आला, "सर, मला सारखे मेसेज येतायत, काय करू?" मी म्हणालो, येऊ देत, तुम्ही फक्त कलकत्त्याला येऊ नका.

मग आम्ही बसून तो प्रसंग पाहिला. मंजुषा स्वयंपाकघरात भांडी आवाज करून लावत होती. पडद्यावर मुलीचं काम करणारी सायली बॅग उचलते, दाराकडे वळते. केबलवाल्याच्या कॅमेऱ्याने मंजुषाचा चेहरा जवळून घेतला होता. ती काही बोलत नव्हती. विंगेतून उदयचा आवाज फुटला, "काळजाचे तुकडे! काळजाचे तुकडे!" तिने तिकडे पाहिलंदेखील नाही. नुसती सायलीकडे बघत राहिली. प्रेक्षकांत मुलांचा चाललेला दंगा हळूहळू थांबला. मग ती म्हणाली, "जेवून जा."

आणि टाळ्या, आणि पडदा. तो मी पाडलेला, जरा घाईने.

भौमिकबाबूंना मराठीचा गंध नाही. त्यांनी नूपुरला विचारलं, "बौदी ने क्या बोला?"

नूपुर म्हणाली, "खेये जा."

त्यांनी चष्मा काढला आणि लुंगीच्या टोकाने पुसला. "बस?" ते म्हणाले. "और बोलने का था भी क्या."

मी नूपुरला तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं. सांगायला लाज कसली, माझी बायको आहे. मागे वळून पाहिलं तर मंजुषा दारात उभी होती, हातात झारा. तिने सगळं पाहिलं होतं. मी म्हणालो, "बघ! म्हणत नव्हतो मी? ह्याला पॉज म्हणतात!" ती झारा ठेवायला आत गेली. बाहेर येऊन म्हणाली, "उद्या मीटिंगला मीही येते."

रविवारी हॉलमध्ये मी टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. उदय कपाळाला आठ्या घालून बसला होता. शेजारी भाग्यश्री, सायली, कमिटीची माणसं. चित्र सुरू झालं. विंगेतलं "काळजाचे तुकडे!" ऐकू आलं तेव्हा सगळे हसले, उदयसुद्धा कसनुसा हसला. मग कुणी हसेना. "जेवून जा" झाल्यावर भाग्यश्रीने पदर डोळ्याला लावला.

मी उठून उभा राहिलो. ह्या क्षणासाठी मी सियालदहची कोबी तुडवली होती, मुलीची डर्बी घालवली होती. "आता बोला उदयराव," मी म्हणालो. "ही विसरली होती?"

उदयने भाग्यश्रीच्या पदराकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठीक आहे गुरुदत्तराव. मान्य. पॉज होता."

जिंकलो! मी विजयी मुद्रेने खाली बसतोय, तोच शेजारून मंजुषा उठली.

"पॉज नव्हता," ती म्हणाली. "मी विसरले होते."

मी तिचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला.

"सगळंच्या सगळं विसरले. काळीज नाही, तुळस नाही, एक अक्षर आठवेना. तुम्ही इतके ओरडत होता की पळून जावंसं वाटत होतं. नाही गेले. सायलीकडे बघत उभी राहिले, आणि उद्या आमची नूपुर बॅग घेऊन निघाली तर मी जे म्हणेन ते म्हणाले. ह्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? वर्षभर मी उगीच वाटून घेतली. तुम्ही ब्लँक ब्लँक केलंत, आणि ह्यांनी घरोघर पॉज पॉज करून मला आणखी तोंड लपवायला लावलं." हे शेवटचं माझ्याकडे बोट करून. मी टीव्हीच्या रिमोटचा बारकाईने अभ्यास करू लागलो.

"आईचं काम मी करणार आहे," मंजुषा म्हणाली. "भाग्यश्री, तू रागावू नकोस."

"छे गं," भाग्यश्री म्हणाली. "मला ते अर्धं पान पाठच होत नाहीये."

"ते काढून टाकायचं. आणि ह्या खेपेला विंगेत प्रॉम्प्टर नको."

उदय ताडकन उठला. लेखक म्हणून, दिग्दर्शक म्हणून, सगळ्याच हुद्द्यांवर त्याला एकदम लागलं होतं. "प्रॉम्प्टर नको? अहो वहिनी, आणि परत विसरलात तर?"

"तर परत उभी राहीन," मंजुषा म्हणाली. "तुम्ही बसायचं. पहिल्या रांगेत, आणि गप्प."